हृदयशस्त्रक्रियेनंतर बाळ घरी आलं: रोज काय पाहायचं, काय लिहायचं, कधी निघायचं

‘उद्या घरी न्या’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा आई-बाबांच्या चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती एकदमच दिसतात. लहान मुलांच्या हृदयविभागात नर्स म्हणून काम करताना हे चेहरे मी सतत पाहते. इथे मॉनिटर होता, काही वाजलं की कुणीतरी धावत यायचं; घरी काय करायचं? घरी मॉनिटरचं काम बऱ्याच अंशी तुमचे डोळे आणि एक साधी वही करू शकते. कशी, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पुस्तकातले आकडे सगळ्या बाळांसाठी असतात. तुम्हाला हवे आहेत ते तुमच्या बाळाचे आकडे, आणि ते कालपासून आज कुठल्या दिशेला सरकले ते. बिघाड बहुतेकदा हळूहळू येतो. आज दूध थोडं कमी, उद्या श्वास थोडा जलद, परवा बाळ जरा मलूल. रोज लिहून ठेवलं तरच ही उतरण वेळेत दिसते.

वॉर्ड सोडण्यापूर्वी

पहिला प्रश्न विचारायचा तो हा: शस्त्रक्रियेने हृदय पूर्ण दुरुस्त झालं आहे, की ही मधली पायरी आहे? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हृदयातलं भोक बंद केलं, उलट्या जागी असलेल्या धमन्या बदलल्या, फॅलोटच्या विकाराची (हृदयातले चार जन्मजात दोष एकत्र) पूर्ण दुरुस्ती केली, तर बहुतेक बाळांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, निरोगी बाळासारखंच ९५ च्या पुढे राहतं. पण फुप्फुसांकडे जाणारं रक्त वाढवण्यासाठी शंट नावाची बारीक नळी बसवली असेल, किंवा हृदयाचा एकच कप्पा काम करत असल्याने दोन-तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया होणार असतील, तर बाळाचं ‘नॉर्मल’ वेगळं असतं. अशा बाळाचं सॅच्युरेशन साधारण ७५ ते ८५ असतं आणि तेच त्याच्यासाठी बरोबर असतं. शेजारच्या बाळाचं ९८ पाहून घाबरायचं नाही. उलट शंटच्या बाळाचं सॅच्युरेशन एकदम ९० च्या वर जाऊन तिथेच राहिलं, तर ते कळवायचं असतं. फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जात असेल, तर बाकीच्या शरीराला कमी पडत असतं.

दुसरं, डिस्चार्ज कार्डावर हे आकडे डॉक्टरांकडून लिहून घ्या: घरी जाताना सॅच्युरेशन किती, कितीच्या खाली गेलं तर फोन करायचा, शांत झोपेत श्वास किती आणि ठोके किती, आजचं वजन, चोवीस तासांत किमान किती मिली दूध जायला हवं. यातलं काही कोरं राहिलं तर संकोच न करता परत विचारा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर उभं राहावं लागलं तर हेच आकडे कामी येतात. फोन नंबरही दोन हवेत, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. रात्रीचा नंबर वॉर्डातूनच एकदा लावून बघा.

तिसरं, श्वास थांबला तर प्रथमोपचार कसे करायचे ते पुतळ्यावर शिकून घ्या आणि घरातल्या किमान दोघांनी शिका. छातीचं हाड शिवलेलं आहे म्हणून कठीण प्रसंगी छातीवर दाब द्यायला लोक कचरतात. कचरायचं नाही, हाड पुन्हा जोडता येतं.

घरी काय काय लागेल

आकड्यांचा डिजिटल थर्मामीटर, सुई नसलेल्या १, २ आणि ५ मिलीच्या सिरिंज, सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइल, वही. एवढं प्रत्येक घरी हवंच. वजनकाटा आणि ऑक्सिमीटर (सॅच्युरेशन मोजायचं मशीन) प्रत्येकाला लागतोच असं नाही. भोक बंद केलेल्या, नीट दूध पिणाऱ्या बाळाला बहुधा ऑक्सिमीटर लागत नाही, आणि विनाकारण घेतला तर दर अर्ध्या तासाला आकडा बघून घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. शंटच्या आणि एका कप्प्याच्या बाळांसाठी मात्र दोन्ही वस्तू औषधाइतक्याच गरजेच्या आहेत. विकत घेणं झेपत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. काही ठिकाणी मशीन तात्पुरतं वापरायला मिळतं.

ऑक्सिमीटर घेताना मोठ्या माणसांची बोटाला लावायची चिमटी आणू नका. कोविडच्या काळात घेतलेली ती चिमटी घरात असते आणि लोक ती बाळाच्या अंगठ्याला लावून बघतात. तिचा आकडा भरवशाचा नसतो. बाळासाठी पावलाला गुंडाळायचा वेगळा प्रोब लागतो.

वजनकाटा डिजिटल आणि ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. टांगून वजन करायच्या स्प्रिंगच्या काट्यावर १०० ग्रॅमच्या रेघा असतात. आपल्याला पकडायचा आहे वीस-तीस ग्रॅमचा फरक, तो त्यावर दिसणारच नाही.

श्वास मोजणं: सगळ्यात आधी हे शिका

याला मशीन लागत नाही, आणि हृदयावर ताण येतोय हे बहुतेकदा श्वासातच आधी दिसतं. बाळ झोपलेलं असताना झबलं वर करून पोट आणि छाती उघडी ठेवा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळ मध्येच भराभर श्वास घेतं, मध्येच क्षणभर थांबतं, आणि गुणाकाराने चूक चौपट होते. रडताना, दूध पिताना किंवा प्यायल्यावर लगेच मोजलेला आकडा धरू नका.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा शांत झोपेतला श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त, तर तो जलद समजतात. काही बाळं शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे मुळातच थोडा जलद श्वास घेतात, म्हणून पुन्हा कार्डावरचा आकडा. घरी जाताना ४४ होता आणि आज ५६ आहे, तर साठाच्या आत असला तरी तो तुमच्या बाळासाठी वाढलेला आहे.

आकड्याबरोबर श्वासाची तऱ्हाही बघा. बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय का, पोट उडतंय का, नाकपुड्या फुलताहेत का, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय का. कण्हणं आणि खड्डा पडणं दिसलं तर वाट बघायची नाही, निघायचं.

सॅच्युरेशन: आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बाळ शांत असताना; डॉक्टरांनी जास्त वेळा सांगितलं असेल तर तसं. पाऊल गार असेल तर आधी तळहातात धरून उबदार करा. प्रोबमध्ये एका बाजूला लाल दिवा आणि दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारा भाग असतो. पावलाच्या बाहेरच्या कडेला हे दोन्ही समोरासमोर यायला हवेत. पट्टी फार आवळू नका. वरून पायमोजा घाला किंवा फडकं टाका, कारण ऊन आणि ट्यूबलाइटचा उजेड आत शिरला तरी आकडा बिघडतो.

आता लगेच दिसलेला आकडा लिहायचा नाही. अर्धा-एक मिनिट थांबा, मशीनवरची लहर एकसारखी येऊ द्या. मशीन ठोकेही दाखवतं. बाळाच्या छातीवर डावीकडे हात ठेवून ठोके मोजा. तुमची मोजणी आणि मशीनचे ठोके जवळपास जुळले, तरच सॅच्युरेशनचा आकडा खरा धरा. मशीन ठोके ८० दाखवतंय आणि हाताला १४० लागताहेत, तर त्या वेळचं सॅच्युरेशन वहीत लिहू नका, प्रोब काढून पुन्हा लावा.

शंट हाताकडे जाणाऱ्या धमनीतून काढलेला असेल तर त्या हाताकडे रक्त कमी जातं, म्हणून पाऊलच वापरा आणि रोज तेच वापरा. सावळ्या त्वचेवर, आणि सॅच्युरेशन मुळातच कमी असताना, हे मशीन खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. त्यामुळे मशीन ‘ठीक’ म्हणतंय पण ओठ, जीभ, हिरड्या कालपेक्षा निळसर दिसताहेत, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. रंग खिडकीच्या उजेडात, रोज त्याच जागी बघायचा. पिवळ्या बल्बखाली निळं कळत नाही. नुसते तळहात-तळवे थंडीत निळे दिसले तर घाबरू नका. जीभ निळी असेल तर ते खरं.

ठोके झोपेत साधारण ९० ते १६० च्या दरम्यान असतात. बाळ शांत असतानाही ते १८० च्या वर टिकून राहिले किंवा ८० च्या खाली गेले, तर लगेच फोन. २२० च्या आसपास गेले आणि खाली येईनात, तर तो लयीचा बिघाड असण्याची शक्यता मोठी. तेव्हा थेट रुग्णालय.

दूध आणि वजन

माझ्या मते घरच्या देखरेखीचा हा गाभा आहे. बाळासाठी दूध पिणं हा सगळ्यात मोठा व्यायाम. आपल्याला जिना चढताना धाप लागली की हृदयाचं कळतं, बाळाचं ते दूध पिताना कळतं.

म्हणून ‘प्यायलं’ एवढंच लिहू नका. किती वेळ लागला ते लिहा. साधारण वीस-तीस मिनिटांत पोट भरायला हवं. तासभर छातीला लावून ठेवलं तर बाळ मिळवतं त्यापेक्षा खर्च जास्त करतं. पिताना कपाळावर घाम येणं, मध्ये मध्ये थांबून धापा टाकणं, चार घोट घेऊन थकून झोपणं, पंधरा मिनिटांनी भुकेने पुन्हा रडणं, या सगळ्या हृदय थकल्याच्या खुणा आहेत. थोड्या थोड्या अंतराने, दर दोन-तीन तासांनी, पाजा. अंगावर पिताना दमत असेल तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. त्यात आईचं काही कमी पडलं असं अजिबात नाही, दूध तिचंच आहे. अंगावर किती गेलं ते मोजायचं तर पाजण्याआधी आणि नंतर, कपडे न बदलता, त्याच काट्यावर वजन करा. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली दूध.

अनेक बाळांना दुधात जास्तीची ताकद मिसळायला सांगतात. पावडर किंवा तेल किती घालायचं ते आहारतज्ज्ञांनी मोजून दिलेलं असतं, त्यात अंदाजाने चमचाभर वाढवू नका. आणि उलट, दूध पचत नाही असं वाटून त्यात पाणी तर मुळीच घालू नका. छातीत दुधासारखा द्रव साचल्यामुळे काही बाळांना काही आठवडे वेगळं, कमी चरबीचं दूध सांगितलेलं असतं. ते चालू असेपर्यंत आजीच्या आग्रहाखातर गाईचं दूध नाही.

आणखी एक. मोठ्या धमनीच्या कमानीवर शस्त्रक्रिया झाली असेल तर स्वरयंत्राच्या नसेला इजा झालेली असू शकते. रडण्याचा आवाज घोगरा, बसलेला आणि दूध पिताना ठसका, ही जोडी दिसली तर जरूर सांगा. दूध श्वासनलिकेत जात असण्याचा धोका असतो.

वजन रोज एकाच वेळी, आंघोळीआधी, पाजण्याआधी, लंगोट काढून. काटा फरशीवर सपाट ठेवा, गादीवर नको. बऱ्या होणाऱ्या बाळाचं वजन दिवसाला २० ते ३० ग्रॅमने वाढावं अशी अपेक्षा असते. हृदयाच्या काही बाळांत ते १५-२० वर समाधान मानावं लागतं. पूर्ण दुरुस्ती झालेल्या बाळाला आठवड्यातून एक-दोनदा पुरे. आणि वजन एका दिवसात अचानक बरंच वाढलं, पापण्या आणि पाऊल सुजल्यासारखं दिसलं, तर पेढे वाटू नका. अंगात पाणी साचत असावं.

शंटच्या आणि एका कप्प्याच्या बाळांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या धोक्याच्या रेघा अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या बालरुग्णालयातून आल्या. २००० साली तिथे पहिल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या मधल्या काळात आई-बाबांना वजनकाटा आणि ऑक्सिमीटर देऊन घरी पाठवायला सुरुवात झाली. त्याआधी या मधल्या काळात काही बाळं घरीच अचानक दगावत. देखरेखीखालच्या पहिल्या गटातलं एकही बाळ त्या काळात गेलं नाही. त्या रेघा अशा: सॅच्युरेशन ७५ च्या खाली, एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटणं, तीन दिवसांत २० ग्रॅमही न वाढणं, चोवीस तासांत दर किलो वजनामागे १०० मिलीपेक्षा कमी दूध. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी फोन.

वही कशी वाचायची

समजा सात आठवड्यांचं शंटचं बाळ आहे. चार दिवसांची पानं अशी:

सोमवार: वजन ३५१०, दूध ४८० मिली, सॅच्युरेशन ८१, श्वास ४६.
मंगळवार: वजन ३५२५, दूध ४६०, सॅच्युरेशन ८०, श्वास ४९.
बुधवार: वजन ३५२५, दूध ४१०, सॅच्युरेशन ७८, श्वास ५४.
गुरुवार: वजन ३५३०, दूध ३७०, सॅच्युरेशन ७७, श्वास ५७.

गुरुवारचा एकेक आकडा सुटा बघितला तर एकही रेघ ओलांडलेली नाही. सॅच्युरेशन ७५ च्या वर, दूध किलोमागे १०० मिलीच्या थोडं वर, श्वास ६० च्या आत, तीन दिवसांत वजन बरोबर २० ग्रॅम वाढलेलं. पण वरून खाली वाचा: दूध उतरतंय, सॅच्युरेशन उतरतंय, श्वास चढतोय. असं पान समोर असेल तर बुधवारी संध्याकाळीच फोन करायला हवा. फोनवर ‘बाळ बरं वाटत नाही’ याऐवजी हे चार दिवस वाचून दाखवलेत, तर पलीकडचा डॉक्टर मिनिटभरात निर्णय घेऊ शकतो.

वहीत लघवीचाही रकाना ठेवा. दिवसाला सहा-आठ ओले लंगोट हवेत. सहा-आठ तास लघवीच नाही तर कळवा. लघवी वाढवणारं औषध चालू असताना हे आणखी महत्त्वाचं.

टाका, छाती, उचलणं

छातीचं हाड जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत बाळाला काखेत धरून उचलायचं नाही, हात धरून ओढायचं नाही. एक हात मान-खांद्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, असं अलगद उचलायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा. न सांगता उचलणारा हात बहुधा प्रेमाचाच असतो, पण दुखतं ते बाळाला. झोपवायचं पाठीवर, सपाट गादीवर. झोळीत छाती आणि मान दुमडते, म्हणून सध्या झोळी नको. पालथं घालायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर.

टाका रोज उजेडात बघा, हात धुऊन. लाली पसरतेय, फुगीर झालाय, पाणी किंवा पू येतोय, कडा उघडल्यात, किंवा छातीवर हात ठेवल्यावर हाड ‘कट्’ हलल्यासारखं वाटतंय, तर त्याच दिवशी दाखवा. रोज एक फोटो त्याच अंतरावरून काढून ठेवला तर तुलना सोपी जाते. टाक्यावर हळद, तेल, पावडर, राख, काहीही नाही. परवानगी मिळेपर्यंत अंग पुसून घ्यायचं.

न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना काही आठवडे सुट्टी द्या. छातीला मालीश नाही, बाळाला उलटसुलट करणं नाही. धुरी आणि शेगडीचा शेक पूर्ण बंद. धुराने फुप्फुसांवर ताण येतो. आजीला दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, पण मिरच्या-मोहऱ्या घराबाहेर लांब जाळायच्या. गुटी नको, मध नको. कान टोचणं पुढे ढकला: टोचलेल्या जागेतून जंतू रक्तात गेले तर ते हृदयात नुकत्याच शिवलेल्या जागी घर करू शकतात. काळा दोरा बांधायचाच तर पायाला आणि सैल, टाक्यावर घासेल असा गळ्यात नको.

औषधं

इथे चूक होते ती बहुधा मिलीग्रॅम आणि मिलीलीटर यांच्या गोंधळातून. प्रत्येक औषध किती मिली, ते डिस्चार्जच्या वेळी नर्ससमोर स्वतः सिरिंजमध्ये ओढून दाखवा आणि त्या रेघेवर पेनाने खूण करून घ्या. गोळीच्या पुड्या दिल्या असतील तर पुडी कशात, किती पाण्यात विरघळवायची आणि त्यातलं किती द्यायचं ते लिहून घ्या. दुकानदाराने वेगळ्या कंपनीचं औषध दिलं तर बाटलीवरची तीव्रता आधीच्या बाटलीशी ताडून बघा. दर मिलीत औषध दुप्पट असेल तर जुन्या रेघेने दुप्पट डोस जातो.

औषध दिल्यावर बाळाने ओकलं तर मनाने पुन्हा देऊ नका, फोन करून विचारा. हृदयाला बळ देणाऱ्या डिगॉक्सिनच्या बाबतीत तर नाहीच. चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दुप्पट नाही. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब कमी करणारं सिल्डेनाफिल एकदम बंद पडता कामा नये, आणि तालुक्याच्या दुकानात ते असेलच असं नाही, म्हणून आठवडाभराचा साठा उरला की पुढची बाटली मागवा.

शंटच्या बाळाला रक्त पातळ राहण्यासाठी ॲस्पिरिन असतं. ते चालू असताना आयबुप्रोफेन द्यायचं नाही. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, तर डॉक्टरांना सांगा. अशा आजारात ॲस्पिरिनमुळे लहान मुलांना मेंदू-यकृताचा गंभीर त्रास होऊ शकतो. मात्र स्वतःहून ते बंदही करू नका.

तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकच समजू नका. थेंबांत साधारण १०० मिलीग्रॅम एका मिलीत असतं, १२० च्या सिरपमध्ये १२० मिलीग्रॅम पाच मिलीत. म्हणजे थेंब चौपटीहून तीव्र. आणि सर्दीची मिश्र औषधं मुळीच नकोत. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिले आहेत. नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब.

ताप, उलटी, जुलाब

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ताप ‘दात येताहेत’, ‘लस टोचली होती’ म्हणून सोडून द्यायचा नाही. काखेत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, तर कळवायचं. टाक्यातला जंतुसंसर्ग, रक्तातला जंतुसंसर्ग, किंवा हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचणं, यांपैकी काहीही असू शकतं. पाणी साचण्याचा प्रकार पहिल्या आठवड्यापासून दीड महिन्यापर्यंत कधीही होतो: ताप, चिडचिड, दूध नको, आडवं ठेवलं की जास्त रडणं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप तर तसाही तातडीचाच.

शंटच्या बाळाला दोन-तीन उलट्या किंवा जुलाब ही घरी थांबून बघायची गोष्ट नाही. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि तेवढ्या बारीक नळीत गुठळी बसू शकते. नळी बंद झाली तर हातात मिनिटं असतात. अशा वेळी ओआरएस किती द्यायचं तेसुद्धा फोनवर विचारत निघा.

लगेच निघायचं ते कधी

जीभ-ओठ एकाएकी निळे किंवा राखाडी पडले, श्वासाला खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, उठवूनही नीट जागं होत नाही, अंग सैल पडलंय, फिका पडून घाम सुटलाय, हातपाय गार, लागोपाठ दोनदा दूध घेतलंच नाही, न थांबणारं, वेगळंच वाटणारं रडणं, झटका आला. यांपैकी काहीही झालं की १०८ ला फोन. गाडी दारात उभी असेल आणि रुग्णालय जवळ असेल तर आधी निघा. पूर्ण दुरुस्ती न झालेल्या बाळाला रडता रडता निळा झटका आला तर त्याचे गुडघे पोटाशी दुमडून छातीशी घट्ट धरा, शांत करा, आणि तसंच धरून निघा.

सगळ्यात जवळच्या, ऑक्सिजन आणि बालरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी आधी पोचायचं. शस्त्रक्रिया मुंबईला झाली म्हणून जळगावहून थेट मुंबईचा रस्ता धरायचा नाही. त्या जवळच्या ठिकाणाहूनच तुमच्या हृदयविभागाशी बोलणं करून द्या. शंटच्या बाळाबाबत पहिलंच वाक्य हे सांगा: ‘बाळाला शंट आहे, त्याचं नेहमीचं सॅच्युरेशन ८० आहे.’ नाहीतर ८० पाहून भरमसाट ऑक्सिजन लावून ते १०० वर नेण्याचा प्रयत्न होऊ शकतो, आणि त्या बाळाला तो मानवत नाही.

त्यासाठीच, बाळ चांगलं असतानाच गावातल्या बालरोगतज्ज्ञांना एकदा फाइलसह भेटून या. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आशाताईंनाही सांगून ठेवा. श्वास मोजणं आणि वजन करणं हे त्यांच्या प्रशिक्षणातलंच काम आहे, आणि पहिल्या दिवसांत शेजारी कुणीतरी माहीतगार असलं की धीर येतो.

लसी आणि पाहुणे

लसी चुकवायच्या नाहीत, पण शस्त्रक्रियेनंतर सहसा चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. बाळाला रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल तर गोवर-रुबेलाच्या लशीची तारीख कधी कधी काही महिने पुढे जाते. शस्त्रक्रियेत काय काय चढवलं त्याची नोंद मागून घ्या. बारसं, बोरन्हाण, जावळ यांना पुढे मुहूर्त आहेत. पहिले सहा आठवडे सर्दी-खोकला असलेल्याने, मग तो सख्खा मामा का असेना, उंबऱ्याबाहेरूनच बाळ बघावं. तुम्ही सांगायला अवघडत असाल तर माझं नाव पुढे करा, ‘नर्सनी सांगितलंय’ म्हणा.

देखरेख कोण करणार, आणि किती दिवस

सगळं एकट्या आईवर टाकू नका. तिचाही जीव थकलेला असतो, बाळंतपणाला काही आठवडेच झालेले असतात. सकाळची मोजणी बाबांनी, संध्याकाळची आजीने किंवा आत्याने करावी. एकाच प्रकारे मोजता यावं म्हणून पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनी मिळून मोजा आणि आकडे जुळतात का बघा. रात्री दर तासाला उठून प्रोब लावायची गरज नाही. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दिवसाच्या दोन मोजण्या आणि रात्री पाजताना रंग आणि श्वास बघणं पुरेसं आहे.

पूर्ण दुरुस्तीनंतर सगळं सुरळीत असेल तर सहा-आठ आठवड्यांच्या तपासणीनंतर रोजची मोजणी बहुधा बंद होते. एका कप्प्याच्या बाळाची दुसरी शस्त्रक्रिया साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात होते, तोपर्यंत वही रोज चालू ठेवायची. दुसऱ्या शस्त्रक्रियेला येताना ती बरोबर आणा. भूल देणारे डॉक्टर ती मागून घेतात आणि शेवटच्या दोन आठवड्यांची पानं आधी वाचतात.